मांजरीच्या नऊ दिवसांच्या पिल्लाचा मिटलेला डोळा सुजला आहे. तो आपोआप उघडण्याची वाट पाहावी का?

जास्वंद (प्रश्न)

आमच्या घरची भाटी (मांजरी) नऊ दिवसांपूर्वी माळ्यावर, गोधड्यांच्या गाठोड्यामागे व्याली. तिला चार पिल्ले झाली. रत्नागिरी तालुक्यातील आमच्या गावात सध्या पावसाने उसंत दिलेली नाही, त्यामुळे माळ्यावर ओल आली आणि पाचव्या दिवशी तिने पिल्लांना एकेक करून मानगुटीला धरून पडवीतल्या कणगीमागे आणून ठेवले. तेथे मुंग्या लागल्या, म्हणून आम्ही सर्वांना पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती लुगड्याची घडी घालून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घेतले. भाटी शांत आहे, पिल्लांना पाजते, चाटते. तिला स्वतःला मात्र गेल्या आठवड्यापासून अधूनमधून शिंका येतात आणि तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी येते.

दोन पिल्लांचे डोळे कालपासून किलकिले झाले आहेत. तिसऱ्याचे दोन्ही डोळे मिटलेले आहेत, पण पापण्या सपाट आहेत. चिंता आहे ती चौथ्या, सर्वांत लहान पिल्लाची. त्याचा उजवा डोळा मिटलेलाच आहे, परंतु पापणीखाली वाटाणा ठेवल्यासारखा फुगवटा दिसतो, पापणीची कातडी ताणून चकचकीत झाली आहे आणि नाकाकडच्या कोपऱ्यात मोहरीएवढा पिवळा थेंब सुकलेला आहे. आज सकाळी त्या जागी कापूस टेकवला तेव्हा पिल्लू किंचाळले.

सासूबाईंचे म्हणणे असे की मांजर पिल्लांना सात घरे फिरवते तेव्हाच त्यांचे डोळे उघडतात, आम्ही त्यांना एका जागी अडवून ठेवल्यामुळे हे झाले असावे, आणि डोळा आपोआप उघडेपर्यंत त्याला हात लावू नये. शेजारच्या काकूंनी गुलाबपाणी घालायला सांगितले. सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वी झाले, त्यांचे उरलेले थेंब घरात आहेत. ते घालता येतील का, हाही प्रश्न मनात आहे. पशुवैद्यकीय दवाखाना आमच्यापासून चौदा किलोमीटरवर आहे. एवढ्या लहान पिल्लाला या पावसात नेणे योग्य ठरेल का, की आणखी दोन-तीन दिवस थांबावे?

निवृत्त पशुवैद्य

जास्वंदताई, थांबू नका. आजच न्या. बाकीचे सविस्तर लिहितो, पण हे दोन शब्द आधी वाचावेत म्हणून वर लिहिले.

मांजरीचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या वरच्या आणि खालच्या पापण्या एकमेकींना पूर्णपणे जुळलेल्या असतात. हा दोष नव्हे. पापण्यांमागे डोळ्याची वाढ अद्याप चालू असते, पुरेसे अश्रू तयार होत नसतात आणि कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, उघड्या हवेत कोरडा पडला असता. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, बहुतेक पिल्लांत आठव्या ते बाराव्या दिवशी, ही जुळणी आपोआप सुटते. बहुधा नाकाकडच्या कोपऱ्यातून फट पडते आणि दोन-तीन दिवसांत बाहेरच्या बाजूस वाढत जाते. दोन्ही डोळे एकाच दिवशी उघडतील असे नाही, आणि एकाच वेतातील पिल्लांमध्येही दोन-तीन दिवसांचा फरक पडतो. त्यामुळे तुमच्या तिसऱ्या पिल्लाचे सपाट, कोरडे, मिटलेले डोळे नवव्या दिवशी अगदी योग्य आहेत. त्याच्या बाबतीत सासूबाईंचा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे: हात लावू नये, ओढून उघडू नये.

चौथ्या पिल्लाची गोष्ट मात्र वेगळी आहे. मिटलेल्या पापणीमागे फुगवटा असणे याचा अर्थ आत पू साठला आहे. मिटलेल्या पापण्या एरवी संरक्षण करतात, पण जंतू आत शिरले की त्याच पापण्या बंद दारासारख्या होतात. पू बाहेर पडू शकत नाही आणि कॉर्निया त्यात बुडून राहतो. नवजात पिल्लाचा कॉर्निया अत्यंत नाजूक असतो. त्यावर व्रण पडतो, व्रण खोल गेला तर छिद्र पडते आणि डोळा कायमचा जातो. पापण्यांची आतली बाजू बुबुळाला चिकटून बसण्याचा प्रकारही मी अनेकदा पाहिला आहे. अशा वेळी डोळा आपोआप उघडण्याची वाट पाहणे म्हणजे गळू आपोआप फुटण्याची वाट पाहण्यासारखे आहे, आणि येथे गळवाच्या तळाशी दृष्टी आहे.

हे जंतू कोठून आले, याचा अंदाज तुमच्याच वर्णनात आहे. भाटीला शिंका येतात आणि एका डोळ्यातून पाणी येते. मांजरांचा हर्पीस विषाणू एकदा झालेल्या मांजरीच्या चेतातंतूंत आयुष्यभर दडून राहतो आणि बाळंतपण, पाजणे, जागा बदलणे अशा ताणाच्या काळात पुन्हा डोके वर काढतो. त्याच्या जोडीला क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा किंवा त्वचेवरचे साधे स्टॅफिलोकोकस जंतूही असू शकतात. जन्ममार्गातून किंवा चाटताना ते पिल्लाच्या डोळ्यापर्यंत पोहोचतात. यात भाटीचा दोष नाही आणि तुमचाही नाही. मांजरांचा हर्पीस माणसांना होत नाही. क्लॅमिडिया क्वचित माणसाच्या डोळ्याला लागू शकतो, म्हणून हात साबणाने धुवावेत, एवढी काळजी पुरे.

आता सासऱ्यांच्या थेंबांविषयी, कारण ही चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिल्या जाणाऱ्या थेंबांत प्रतिजैविकाबरोबर बहुधा स्टिरॉइड असते. शस्त्रक्रियेनंतरची सूज उतरवण्यासाठी ते योग्यच आहे, परंतु ज्या डोळ्यात व्रण असू शकतो आणि ज्यामागे हर्पीस असण्याची शक्यता आहे, तेथे स्टिरॉइड व्रण भरू देत नाही, उलट विषाणूला मोकळे रान देते. ते थेंब घालू नका. गुलाबपाणी, काजळ, तूप, मध, हळदीचे पाणी, चहाचे पाणी, यांपैकी काहीही नको. ही द्रव्ये निर्जंतुक नसतात आणि उघड्या व्रणावर झोंबतात.

निघण्यापूर्वी एवढे करा. पाणी उकळून कोमट होऊ द्या, मनगटाच्या आतल्या बाजूला जेमतेम उबदार लागेल इतके. स्वच्छ गाजची (जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाची) घडी त्यात भिजवून, पिळून, त्या पापणीवर तीन-चार मिनिटे नुसती टेकवून धरा. सुकलेला थेंब मऊ झाला की नाकाकडून कानाकडे एकदाच हलके पुसा. दाबू नका, पापण्या बोटांनी ताणू नका. शेकाने पापण्या आपोआप सुटल्या आणि पू बाहेर आला तर तो टिपून घ्या, पण मग "काम झाले" असे समजून घरी थांबू नका. प्रत्येक डोळ्याला वेगळी गाज वापरा, नाहीतर एका पिल्लाचा जंतू तुम्हीच दुसऱ्याला द्याल.

दवाखान्यात डॉक्टर पापण्या ओल्या करून, त्यांच्या जुळणीच्या रेषेवरूनच, नाकाकडच्या कोपऱ्यापासून त्या अलगद विलग करतील, निर्जंतुक सलाईनने पू धुऊन काढतील आणि फ्लुरेसिन नावाच्या रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहतील; व्रण असेल तर ती जागा हिरवी चमकते. त्यानंतर डोळ्याचे प्रतिजैविक मलम आणि गरज वाटल्यास पोटातून औषध देतील. औषध कोणते आणि किती, हे पिल्लाचे वजन पाहून तेच ठरवतील, म्हणून मी येथे नाव लिहीत नाही.

पावसात नेण्याची तुमची भीती योग्य आहे, कारण पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या शरीराचे तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस एवढेच असते आणि थंडीत ते स्वतःला ऊब देऊ शकत नाही, त्याला कुडकुडणेही अजून नीट जमत नाही. त्यामुळे चौघांना आणि भाटीला एकत्रच न्या. झाकणाला भोके पाडलेली टोपली, खाली जाड कापड, एका कडेला कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून, आणि दुसऱ्या कडेला पिल्लांना ऊब जास्त झाली तर सरकण्यासाठी मोकळी जागा, अशी व्यवस्था करा. भाटीलाही तपासून घ्या. तिच्यावर उपचार झाले नाहीत तर पिल्लांचे डोळे पुन्हा बिघडतील.

राहिला सात घरांचा प्रश्न. मांजर पिल्ले हलवते ती ओल, मुंग्या, माणसांची वर्दळ, घाणीचा वास यांमुळे, आणि हे हलवणे बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच घडते. डोळे उघडण्याचा काळही नेमका तोच, म्हणून पूर्वीच्या लोकांनी दोहोंची सांगड घातली असावी. तुम्ही त्यांना कोरड्या जागी आणलेत हे उत्तम केलेत.

सांजवात

डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू सांगितली आहे, त्यामुळे मी केवळ घरच्या सांभाळाविषयी लिहिते. गेली अकरा वर्षे मी रस्त्यावर सापडलेली पोरकी पिल्ले घरी वाढवते आहे, आणि त्यांतील काहींचे डोळे मला वाचवता आले नाहीत. जी गेली ती जवळजवळ सर्व माझ्याकडे उशिरा आली होती. म्हणून आपण नवव्याच दिवशी विचारलेत याचे मला फार समाधान वाटले.

आपण लिहिले आहे की चौथे पिल्लू सर्वांत लहान आहे. कृपया त्याचे वजन करा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. वर वाटी ठेवून, त्यात रुमाल घालून काटा शून्यावर आणावा आणि मग पिल्लू ठेवावे. जन्मतः पिल्लू साधारण ९० ते ११० ग्रॅमचे असते आणि दररोज सुमारे १० ते १५ ग्रॅमने वाढते, म्हणजे दुसऱ्या आठवड्यात त्याचे वजन जन्माच्या दुप्पट व्हायला हवे. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहिण्याची सवय ठेवा. माझा अनुभव असा की डोळ्याचे किंवा छातीचे दुखणे डोळ्यांना दिसण्याआधी काट्यावर दिसते: ज्या दिवशी वजन वाढत नाही तो दिवस साधा समजू नये, आणि घटले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुबळ्या पिल्लाला भावंडे ढकलून देतात. दिवसातून चार-पाच वेळा, बाकीच्यांना दहा मिनिटे बाजूला ठेवून, त्याला एकट्याला भाटीच्या मागच्या सडांशी लावावे; तेथे दूध बहुधा जास्त असते. भाटीचे दूध कमी पडत असेल तर मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध-पावडर आणावी. गाईच्या दुधात पिल्लाला लागणारी प्रथिने आणि स्निग्धांश पुरेसे नसतात आणि त्याने हगवणही लागते. पाजताना पिल्लू पोटावर असावे, माणसाच्या बाळासारखे पाठीवर मुळीच नको, कारण दूध छातीत जाते. आणि पिल्लू अंगाला गार लागत असेल तर आधी ऊब द्यावी, दूध नंतर. गारठलेल्या पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही.

एक गोष्ट भाटीच्या जेवणाविषयी. आपल्याकडे मांजरीला दूध-भात किंवा दूध-पोळी घालण्याची पद्धत आहे. मांजरीच्या शरीराला टॉरिन नावाचा घटक पुरेसा बनवता येत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळतो, आणि त्याच्या अभावी मांजरीचे दृष्टिपटल झिजते हे १९७५ मध्येच सिद्ध झाले आहे. पाजणाऱ्या आईच्या पोटात ते नसेल तर दुधात कोठून येणार? आपण किनाऱ्याजवळ राहता, तेव्हा बांगडा किंवा तारली काटे काढून, मीठ-मसाला न घालता उकडून द्या, आणि ज्या पाण्यात उकडले ते पाणीही द्या, कारण टॉरिन पाण्यात उतरते. कच्ची मासळी देऊ नये, काही जातींत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो.

अभ्यासिका

मी पशुवैद्य नाही, महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. मूळ प्रश्न वाट पाहण्याविषयी आहे, म्हणून एका प्रसिद्ध संशोधनाचा येथे उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६०च्या दशकात हार्वर्डमध्ये मांजरीच्या पिल्लांची एक पापणी शिवून ठेवली आणि सुमारे तीन महिन्यांनी ती उघडली. डोळा स्वतः चांगला होता, पण त्या डोळ्याकडून आलेले संकेत समजून घेणाऱ्या मेंदूच्या पेशी जवळजवळ सर्व दुसऱ्या डोळ्याच्या वाट्याला गेल्या होत्या, आणि पिल्लाला त्या डोळ्याने दिसत नव्हते. प्रौढ मांजरीचा डोळा याहून अधिक काळ बंद ठेवला तरी असे होत नव्हते. हा नाजूक काळ चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो, तेव्हाच तो सर्वांत तीव्र असतो आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ओसरतो. दोघांना १९८१चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पिल्लांनी त्यासाठी काय सोसले याचा विचार मनातून जात नाही, परंतु जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मानवी बालकांची शस्त्रक्रिया आज लवकर केली जाते, त्यामागे या ज्ञानाचा मोठा वाटा आहे.

जास्वंदताई, यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली दिलासा देणारी: नऊ किंवा बारा दिवस डोळा मिटलेला राहिल्याने मेंदूचे काहीही बिघडत नाही. दुसरी अशी की व्रण भरल्यानंतर कॉर्नियावर दाट पांढरट डाग राहिला आणि तो चौथ्या-पाचव्या आठवड्यातही प्रकाश अडवत असेल, तर "मोठे झाल्यावर पाहू" असे म्हणू नये. तेवढ्या काळात मेंदू त्या डोळ्याला विसरू शकतो.

जास्वंद

सर्वांचे मनापासून आभार. दुपारी पाऊस थोडा कमी झाला तेव्हा रिक्षा करून गेलो. डॉक्टरांनी ओल्या गाजने दोन मिनिटे धरले आणि पापणी सुटताच घट्ट पिवळा पू बाहेर आला, अर्धा चमचा तरी असेल; मला पाहवेना. धुतल्यावर आत करडा-निळा, गढूळ डोळा दिसला. हिरव्या रंगाच्या तपासणीत खालच्या बाजूस ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान व्रण दिसला, परंतु तो खोल नाही असे ते म्हणाले. मलम दिवसातून चार वेळा आहे, भाटीलाही औषध दिले आहे. सांजवातताई, वजन १४२ ग्रॅम भरले, बाकीची तिन्ही दोनशेच्या आसपास आहेत. आपले म्हणणे खरे ठरले, काटा मी आधीच वापरायला हवा होता.

तीन शंका आहेत. मलम लावले की भाटी लगेच चाटून काढते. सकाळी पापण्या पुन्हा चिकटलेल्या असतात. आणि डोळा गढूळ दिसतो तो व्रणामुळे की आणखी काही आहे?

निवृत्त पशुवैद्य

व्रण खोल नाही हे वाचून बरे वाटले. मलम लावल्यावर पिल्लाला दहा मिनिटे कापडात गुंडाळून मांडीवर ठेवा, तोवर भाटीला जेवायला द्या. मलमाची नळी पापणीला टेकू देऊ नका. चिकटलेल्या पापण्या पहिले तीन-चार दिवस रोजच्याच समजा. दर वेळी शेक, मग पुसणे, मग मलम हा क्रम पाळा आणि रात्री एकदा उठून पाहा, कारण रात्रभर बंद राहिल्यास पू पुन्हा साठतो. मलमाचा आणखी एक उपयोग असा की वेळेआधी उघडलेल्या या डोळ्याला ते ओलावाही देते.

गढूळपणाविषयी: नुकत्याच उघडलेल्या प्रत्येक पिल्लाचा डोळा थोडा धुरकट आणि निळसर असतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत हळूहळू स्वच्छ होतो. निळा रंग बुबुळात अद्याप रंगद्रव्य न भरल्यामुळे दिसतो. खरा रंग साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यापासून येऊ लागतो. म्हणून त्याच्या डाव्या डोळ्याशी आणि भावंडांच्या डोळ्यांशी तुलना करा. दोन्ही बाजूंना सारखाच धुरकटपणा असेल तर तो वयाचा. उजवीकडेच ठळक पांढरा ठिपका असेल तर तो व्रणाचा. डोळ्याचा मध्य निळसर फुगून वर आल्यासारखा वाटला, पिल्लू तो डोळा घट्ट मिटू लागले किंवा त्याने दूध पिणे सोडले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता न्या. खोक्यावर थेट ऊन किंवा मोबाइलच्या फ्लॅशचा झोत पडू देऊ नका. तिसऱ्या पिल्लाच्या पापण्या सकाळ-संध्याकाळ बोटाने नव्हे, नजरेने तपासा. चौदाव्या दिवसापर्यंत उघडल्या नाहीत किंवा त्याआधी फुगल्या तर त्यालाही दाखवा.

जास्वंद

आज पिल्ले बावीस दिवसांची झाली. तिसऱ्याचे डोळे अकराव्या दिवशी आपोआप उघडले. चौथ्याच्या व्रणाला आता हिरवा रंग लागत नाही. खालच्या बाजूला खसखशीएवढा पांढरा ठिपका राहिला आहे, तो बाहुलीच्या बाहेर असल्यामुळे दृष्टीच्या आड येणार नाही असे डॉक्टर म्हणाले. भाटीच्या शिंका थांबल्या आहेत. काल संध्याकाळी लुगड्याच्या काठाचा सुटलेला धागा मी त्याच्या उजव्या बाजूने हळूच हलवला, तेव्हा त्याने मान वळवून तो पाहिला आणि पंजा मारताना तोल जाऊन ते आडवे झाले. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी धागा माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा एकदा उजवीकडूनच हलवून पाहिला. वजन २९८ ग्रॅम आहे. पुढची तपासणी सोमवारी आहे, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान चौघांच्या लसी सुरू करायला डॉक्टरांनी सांगितले आहे.